धोतरं विणणारं इंग्लिश शहर: ब्लॅकबर्नच्या गिरण्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मँचेस्टर आपल्याला शाळेच्या पुस्तकापासून ठाऊक असतं. पण मँचेस्टर मुख्यतः बाजारपेठ आणि गोदामांचं शहर. कापड विणलं जायचं ते उत्तरेकडच्या लहान शहरांत. त्यातलं आपल्याशी सगळ्यात घट्ट बांधलेलं शहर म्हणजे ब्लॅकबर्न. गिरणगावाचा इतिहास वाचणाऱ्यांना या शहराबद्दल जे प्रश्न हमखास पडतात, ते इथे घेतले आहेत. बेरीज-वजाबाकीत न पडता एक गोष्ट आधीच सांगतो: ब्लॅकबर्नने आपलं सगळं एकाच गिऱ्हाइकावर लावलं होतं, आणि ते गिऱ्हाईक आपण होतो. पुढची बहुतेक उत्तरं फिरून तिथेच येतात.

ब्लॅकबर्न आहे कुठे, आणि गिरण्या तिथेच का उभ्या राहिल्या?

लँकेशायर परगण्याच्या पूर्व भागात, मँचेस्टरच्या वायव्येला, डोंगराळ मुलखात. शेती जेमतेम. म्हणून घरोघरी माग होताच. सतराव्या-अठराव्या शतकात इथल्या चौकडीच्या आणि बिनधुलाईच्या जाड्याभरड्या कापडाला नाव होतं. ताणा, म्हणजे उभा धागा, जवसाच्या झाडापासून निघणाऱ्या सुताचा, म्हणजे लिननचा, आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, कापसाचा. जवळच दगडी कोळसा होता. १८१० मध्ये लीड्स-लिव्हरपूल कालवा शहरापर्यंत आला आणि १८१६ मध्ये तो पूर्ण झाला. मग कापसाच्या गाठी लिव्हरपूलहून बोटीने येऊ लागल्या. दमट हवेचं कारण नेहमी सांगतात. दमटपणात सूत कमी तुटतं हे खरं, पण नुसत्या हवेवर गिरण्या उभ्या राहत नाहीत. विणायची सवय असलेले हात, कोळसा आणि पाणवाट ही खरी कारणं.

स्पिनिंग जेनीवाला हारग्रीव्हज इथलाच ना? मग त्याची यंत्रं लोकांनी का मोडली?

हो, जेम्स हारग्रीव्हज ब्लॅकबर्नजवळच्या स्टॅनहिल वस्तीतला विणकर. १७६४ च्या सुमारास त्याने एका चाकावर अनेक चात्या फिरवणारी जेनी केली. १७६८ मध्ये जमाव त्याच्या घरावर चालून गेला आणि यंत्रं फोडली. तो नॉटिंगहॅमला निघून गेला. सूत कातून घराला हातभार लावणाऱ्या बायकांचं काम एका यंत्राने खाल्लं तर संताप होणारच. १७७९ मध्ये याच भागात पुन्हा यंत्रफोड झाली. पील घराण्याच्या गिरण्याही तेव्हा सुटल्या नाहीत. पुढे पंतप्रधान झालेला रॉबर्ट पील याच घराण्यातला.

१८२६ चा उठाव काय होता?

याचं उत्तर थोडं लांबवतो, कारण आपल्याकडे हे फारसं कोणी सांगत नाही. सूत यंत्रावर निघू लागल्यावर काही काळ हातमागवाल्यांची चंगळ होती. सूत भरपूर, विणणारे थोडे. मग सगळेच विणायला बसले, नेपोलियनशी चाललेलं युद्ध संपलं, मजुरी घसरत गेली. १८२० नंतर आठवड्याला पाच-सहा शिलिंगांवर दिवस काढणारी कुटुंबं होती. त्यात वाफेवरचे माग आले आणि १८२५-२६ ची मंदी येऊन आदळली.

२४ एप्रिल १८२६ ला ॲक्रिंग्टनजवळच्या टेकडीवर विणकर जमले. घोडेस्वार आले. एका प्रत्यक्षदर्शीने नंतर सांगून ठेवलं आहे की भुकेल्या लोकांची दशा पाहून काही शिपायांनी आपल्या शिदोरीतलेच पावाचे तुकडे जमावाकडे फेकले. त्याच दिवशी जमाव ब्लॅकबर्नात शिरला आणि दोनशेहून अधिक यंत्रमाग फोडले. चार दिवसांत पूर्व लँकेशायरमध्ये हजारावर माग मोडले गेले. लक्षात घेण्यासारखं म्हणजे मोडतोड निवडक होती. माग फोडले, कताईची यंत्रं बहुतेक ठिकाणी शाबूत राहिली. सूत बंद झालं असतं तर हातमागही बंदच पडले असते. चॅटर्टन गावात सैन्याने गोळीबार केला, माणसं मेली. खटले लँकेस्टरला चालले, फाशीच्या शिक्षा झाल्या, त्या बदलून दहा जणांना ऑस्ट्रेलियाला धाडलं. त्यात बायकाही होत्या.

बंगालच्या, खानदेशच्या, सोलापूरच्या विणकऱ्यांना ज्या यंत्राने मारलं त्याने पहिला घास घेतला तो स्वतःच्या गावातला. यामुळे साम्राज्याचा गुन्हा हलका होत नाही. तिथल्या विणकराला निदान गिरणीत शिरायचा दरवाजा उघडा होता. आपल्याकडच्या विणकराला तो कित्येक वर्षं नव्हताच.

ब्लॅकबर्न विणकामाचंच शहर का झालं? सूतगिरण्या नव्हत्या?

होत्या. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लँकेशायरची वाटणी होत गेली: ओल्डहॅम आणि बोल्टनकडे कताई, उत्तरेला ब्लॅकबर्न, बर्नली, नेल्सन यांच्याकडे विणकाम. विणकामाला भांडवल कमी लागायचं. शेड आणि शाफ्टवरची वाफेची ताकद भाड्याने मिळायची. थोडे माग हप्त्यावर घेतले की माणूस मालक. कित्येक मालक काल-परवापर्यंत स्वतः मागावर उभे राहिलेले होते.

शिवाय यंत्रमागाला खऱ्या अर्थाने कामाचा केलं ते ब्लॅकबर्ननेच. १८४२ च्या सुमारास इथल्या ब्रुकहाउस गिरणीत विल्यम केनवर्दी आणि जेम्स बुलो यांनी मागात सुधारणा केल्या. बाण्याचा धागा तुटला किंवा संपला की माग आपोआप थांबायचा. हाच लँकेशायर माग. भिवंडी-मालेगावच्या साध्या यंत्रमागाची मूळ रचना याच वंशातली. तिथल्या खटखटाटात वाढलेल्या माणसाला लँकेशायरच्या संग्रहालयात माग चालू केला की लगेच घरच्यासारखं वाटेल.

चार माग एकटी बाई कशी सांभाळायची?

दोन माग पुढे, दोन मागे, मधल्या अरुंद बोळात विणकरीण. धोटा, म्हणजे बाण्याचा धागा आडवा नेणारी लाकडी होडी, मिनिटाला दोनशेच्या आसपास फेऱ्या मारतो. दर काही मिनिटांनी कुठल्यातरी धोट्यातलं सूत संपतं आणि तो माग थांबतो. ती धोटा काढते, नवी कांडी बसवते, धोट्याच्या बारीक भोकाला ओठ लावून धागा श्वासाने ओढून घेते, धोटा जागी ठेवते, दांडा ओढते. तोवर दुसरा थांबलेला असतो. या ओठ लावण्याला तिथे ‘धोट्याचं चुंबन’ म्हणत. नाव गोड, पण एकच धोटा अनेकांच्या तोंडाला लागायचा. रोग, सुताची धूळ, मागाचं तेल सगळं पोटात. शेडमध्ये कानठळ्या बसवणारा आवाज, म्हणून ओठांच्या हालचालींवर बोलायची एक वेगळीच पद्धत तिथे रूढ झाली. घरी बहिऱ्या झालेल्या म्हाताऱ्यांशीही लोक तसंच बोलत. वर दमटपणासाठी शेडमध्ये वाफ सोडायची. कपडे ओले, बाहेर बर्फगार हवा. वाफेवर मर्यादा घालणारा कायदा १८८९ मध्ये आला.

मजुरी कापडाच्या नगावर. माग दुरुस्त करणारा जॉबर, तिथल्या भाषेत टॅकलर, त्याची कमाई त्याच्या हाताखालच्या विणकरांच्या कमाईवर अवलंबून, म्हणून तो त्यांना दामटायचा. टॅकलर पुरुषच.

बायकांना पुरुषांइतकी मजुरी मिळायची हे खरं का?

विणकामात नगाचा दर स्त्री-पुरुषांना एकच होता. १८५३ ची ब्लॅकबर्न दरसूची त्या काळात आदर्श मानली जायची. १८९२ मध्ये सगळ्या लँकेशायरसाठी एकच दरसूची झाली. त्या काळी जगात फार थोड्या धंद्यांत असं होतं. पण सगळं सोन्याचं नव्हतं: जास्त रुंदीचे, जास्त कमाईचे माग आणि टॅकलरची जागा पुरुषांकडे, घरचं काम मात्र बाईकडेच. तरीही स्वतःच्या पगाराची बाई हा इथे अपवाद नव्हता, आणि विणकर संघटनेत बायकांची संख्या मोठी होती. १९४५ ते १९७९ ब्लॅकबर्नची खासदार असलेल्या बार्बरा कॅसल यांनी १९७० चा समान वेतन कायदा आणला, तो या शहराच्या प्रतिनिधीकडून यावा यात नवल नाही.

पोरांचं काय? ‘अर्धवेळ’ पोरं सकाळी गिरणीत, दुपारी शाळेत, दुसऱ्या आठवड्यात उलट. किमान वय १८९३ मध्ये अकरा, १९०१ मध्ये बारा. ही पद्धत बंद करणारा कायदा १९१८ मध्ये झाला, अंमल १९२१ मध्ये. दुपारच्या वर्गात पोरं बाकावर झोपायची. ही पद्धत बंद करायला आईबापांचाच विरोध होता, कारण त्या चार पैशांवर घर चालायचं.

‘धोतरं विणणारं शहर’ असं का म्हणायचं?

कारण ते अक्षरशः तेच करत. पातळ साधं कापड, कडेला रंगीत काठ, ठरलेली लांबी-रुंदी. तिथल्या व्यापारी भाषेत त्याला ‘धूटी’ म्हणत. सोबत मलमल, शर्टिंग, जॅकोनेट. धोतराची सगळ्यात मोठी पेठ कलकत्ता. मुंबई, मद्रास, कराची मागोमाग. १९१३ मध्ये ब्रिटनने सुमारे सातशे कोटी वार कापड निर्यात केलं, त्यातलं तीनशे कोटी वार एकट्या हिंदुस्थानात आलं. गठ्ठ्यांवर देवदेवतांची, राजेरजवाड्यांची रंगीत चित्रं असलेली टिकिटं चिकटवत. लिहिता-वाचता न येणारं गिऱ्हाईक चित्रावरून छाप ओळखायचं. विणकर बाईने लक्ष्मी कधी पाहिली असेल तर ती बहुधा त्या टिकिटावर.

कापडात माती भरायचे म्हणतात, ती भानगड काय?

भानगडच. ताण्याला खळ लावावीच लागते, नाहीतर धागा तुटतो. पण पिठाची खळ महाग झाली तेव्हा कॉर्नवॉलची पांढरी चिनी माती मिसळायला सुरुवात झाली, आणि हलक्या कापडाला भारी दाखवायला ती चांगलीच सोयीची निघाली. काही हलक्या मालात सुताच्या वजनाइतकी खळ असायची. पहिल्या धुण्यात कापड निम्मं व्हायचं. बोटीत कधी बुरशी धरायची. विणणाऱ्यांच्या छातीत ती धूळ जायची, नेसणाऱ्यांच्या खिशातून पैसा जायचा. मालक म्हणायचे, गिऱ्हाइकालाच असं कापड हवं.

अमेरिकन यादवी युद्धाचा इथे काय परिणाम झाला?

१८६१ ते १८६५ ‘कापूस दुष्काळ’. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि अमेरिकन कापूस थांबला. १८६२ च्या हिवाळ्यात लँकेशायरमध्ये पाच लाखांच्या आसपास माणसं मदतीवर जगत होती. ब्लॅकबर्नचं कॉटन एक्स्चेंज, म्हणजे कापसाच्या सौद्यांची इमारत, याच काळात बांधलं गेलं. आराखड्यातला एक भाग कधी उभाच राहिला नाही, आजही इमारत एका अंगाने अर्धवट वाटते.

मग पर्याय कोणता? मुंबईहून येणारा कापूस. तो खानदेशचा असो, वऱ्हाडचा असो, भडोचचा असो, तिकडे सगळ्याला ‘सुरत’ म्हणत. आखूड धाग्याचा, कचरा-काडी मिसळलेला. विणताना सारखा तुटायचा आणि नगावरची मजुरी अर्ध्यावर यायची. ‘देवा, कापूस धाड, पण सुरती नको’ ही प्रार्थना तेव्हाची, आजही किस्सा म्हणून सांगतात.

त्याच चार वर्षांत मुंबईत पैशाचा पाऊस पडला: कापसाचा सट्टेबाज प्रेमचंद रायचंद, बॅकबेच्या समुद्राची भरणी, शेअरचा जुगार. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि फुगा फुटला. तेजीच्या जोरावर कर्ज काढलेला शेतकरी मंदीत सावकाराच्या तावडीत सापडला. १८७५ च्या पुणे-नगर भागातल्या दंग्यांच्या कारणांत हेही एक धरलं जातं. ब्लॅकबर्नच्या विणकरणीने ज्याला शिव्या घातल्या त्या कापसाने इकडच्या शेतकऱ्यालाही शेवटी बुडवलंच.

१८७८ मध्ये मालकाचा बंगला का जाळला?

धंदा मंदीत होता, मालकांनी मजुरीत १० टक्के कपात जाहीर केली. विणकर म्हणाले: माल जास्त झाला आहे, म्हणून भाव पडले आहेत, मजुरी कापून आणखी माल काढला तर भाव आणखी पडतील. त्यापेक्षा गिरण्या आठवड्यातून कमी दिवस चालवा, मग आम्ही कपात सोसू. हिशोबाने कामगारांचं म्हणणं बरोबर होतं असं माझं मत आहे. मालक ऐकेनात. एप्रिलपासून नऊ आठवडे गिरण्या बंद. १४ मे च्या रात्री जमावाने मालक संघटनेचे अध्यक्ष रेन्सफोर्ड जॅक्सन यांचा शहराबाहेरचा बंगला पेटवला. सैन्य आलं, जबर शिक्षा झाल्या, आणि कामगार कपात मान्य करून परतले.

पण संघटना संपली नाही. १८८४ मध्ये उत्तरेकडच्या विणकरांचा महासंघ नव्याने उभा राहिला. योगायोग असा की त्याच वर्षी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचं निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवलं.

एवढा संप करणारे कामगार मतं मात्र मालकालाच देत?

बऱ्याच काळ, हो. ब्रुकहाउस गिरणीचा विल्यम हेन्री हॉर्नबी १८५१ मध्ये शहराचा पहिला महापौर आणि पुढे खासदार झाला. रांगडा, कामगारांत मिसळणारा टोरी, म्हणजे हुजूर पक्षाचा. कोणत्या गिरणीत काम यावर मत ठरायचं. १८६८ ची निवडणूक कामगारांवर दबाव आणल्यामुळे रद्द झाली, तर त्या जागांवर दोन्ही विजेत्यांची मुलं उभी राहून निवडून आली! मजूर पक्षाचा फिलिप स्नोडेन इथून निवडून यायला १९०६ उजाडावं लागलं.

हिंदुस्थानातल्या कामगार कायद्यांच्या मागे लँकेशायरचे मालक होते का?

काही प्रमाणात होते, आणि त्यामागे दया कमी, हिशोब जास्त. १८५४ पासून मुंबईत गिरण्या निघू लागल्या. यंत्रं बहुतेक लँकेशायरचीच, सुरुवातीची कसबी माणसंही तिथलीच. पण मुंबईचा माल चीनमध्ये आणि इथे विकला जाऊ लागल्यावर मँचेस्टरला जाग आली. इकडे पोरं दिवसभर राबतात, आम्हाला कायदा आहे, ही स्पर्धा अन्याय्य आहे, असा ओरडा झाला. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा त्या दबावाशिवाय एवढ्या लवकर आला नसता. सोराबजी शापूरजी बंगालींसारखे इथले सुधारकही झटत होते, हे विसरू नये. लोखंडे यांची अडचण नेमकी हीच होती: कामगारांची बाजू घ्यावी तर मँचेस्टरचा हस्तक म्हणवून घ्यावं लागायचं. तरी त्यांनी माघार घेतली नाही आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली.

कराच्या बाबतीत मात्र लँकेशायरचा नंगा नाच चालला. १८८२ मध्ये आयात कापडावरचा कर रद्द झाला. १८९४ मध्ये सरकारला पैशाची गरज पडली म्हणून तो परत आला, तर लँकेशायरच्या दडपणाखाली १८९६ पासून इथल्या गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के अबकारी बसवण्यात आली. म्हणजे मुंबईत विणलेल्या कापडावर मुंबईतच दंड. पुण्या-मुंबईत स्वदेशीचा सूर वंगभंगाच्या आधी, याच करावरून आणखी चढला. तो कर उठायला १९२६ उजाडलं.

गांधीजी तिथे गेले तेव्हा कामगारांनी त्यांचं स्वागत केलं?

सप्टेंबर १९३१ च्या शेवटी, गोलमेज परिषदेसाठी इंग्लंडात असताना, ते ब्लॅकबर्नच्या शेजारच्या डार्वेनला गेले. गिरणी मालक असलेल्या डेव्हिस कुटुंबाच्या निमंत्रणावरून. बहिष्काराने ज्यांचं पोट मारलं त्यांच्यातच. ग्रीनफील्ड गिरणीच्या विणकरणींच्या गराड्यातला त्यांचा हसरा फोटो सर्वांनी पाहिलेला असतो. स्वागत खरं होतं, पण त्यांनी गोड बोलून वेळ मारून नेली नाही. तुमच्याकडे तीस लाख बेकार आहेत, आमच्याकडे जवळपास तीस कोटी माणसं वर्षातले सहा महिने रिकामी असतात, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. तुमची बेकारभत्त्याची रक्कम आमच्या माणसाच्या मिळकतीच्या कित्येक पट आहे, हेही त्यांनी सुनावलं.

म्हणजे ब्लॅकबर्न बुडालं ते बहिष्कारामुळे?

फक्त बहिष्कारामुळे नाही. पहिल्या महायुद्धात बोटी कमी पडल्या तेव्हा मुंबई-अहमदाबादने आपली पेठ काबीज केली, जपानने शिरकाव केला. मग आयात कर वाढले, मग जगभरची मंदी. यावर १९३० चा सविनय कायदेभंग आणि परदेशी कापडाची होळी. तीनशे कोटी वारांची निर्यात १९३१ मध्ये पन्नास कोटींच्याही खाली आली. शहरात त्या वेळी जवळजवळ निम्मे कामगार बेकार होते. पण मालकांनी युद्धानंतरच्या तेजीत वाटेल त्या भावाने गिरण्यांचे शेअर उचलले, कर्ज केलं, यंत्रं जुनीच ठेवली. ब्लॅकबर्नातच १९०२ पासून स्वयंचलित नॉर्थ्रॉप माग बनत होते, पण शेजारच्या शेडमध्ये घेणारे थोडे.

उपाय म्हणून चार ऐवजी सहा-आठ माग एका विणकराच्या गळ्यात टाकायचा घाट घातला गेला. १९३१ च्या टाळेबंदीत कामगार टिकले, १९३२ च्या संपात तडजोड झाली. जिथे निम्मे लोक घरी बसलेत तिथे एकाने दुप्पट माग चालवायचे, हे कोणाच्या गळी उतरणार?

गिरण्यांशिवाय या शहराने जगाला काय दिलं?

कामगारांचा फुटबॉल. कारखाना कायद्याने शनिवारी दुपारनंतर सुट्टी मिळाली आणि ती दुपार मैदानावर गेली. १८८३ मध्ये ब्लॅकबर्न ऑलिंपिकने, ज्यात विणकर आणि गिरणी कामगार होते, लंडनमध्ये ओल्ड इटोनियन्स या बड्या घरच्या पोरांच्या संघाला २-१ ने हरवून एफए कप, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल स्पर्धेचा चषक, उत्तरेला नेला. कामगार संघाने तो जिंकण्याची ही पहिलीच वेळ.

तिथे एवढे गुजराती आणि पाकिस्तानी कसे?

दुसऱ्या महायुद्धानंतर माणसं गिरणीत यायला तयार नव्हती, आणि यंत्रं चोवीस तास चालवल्याशिवाय परवडत नव्हतं. १९५० च्या शेवटापासून भडोच-सुरत भागातले आणि पंजाबी पाकिस्तानी लोक रात्रपाळीला आले. १९५९ च्या कायद्याने सरकारने पैसे देऊन जुने माग भंगारात काढले, पण त्याने उतार थांबला नाही. ब्रिटन तेव्हापर्यंत कापड निर्यात करण्यापेक्षा आयातच जास्त करत होतं. गिरण्या गेल्या, माणसं राहिली. आज शहर आणि डार्वेन मिळून तिसऱ्या हिश्श्याहून जास्त लोक दक्षिण आशियाई मुळांचे आहेत.

आज जाऊन काय बघता येईल?

डार्वेनच्या इंडिया मिलचं सुमारे ३०० फूट उंच धुराडं, इटालियन मनोऱ्यासारखं नक्षीदार, लांबूनच दिसतं. गिरणीचं नाव विसरू नका. बर्नलीजवळची क्वीन स्ट्रीट मिल ही वाफेवर चालणारी जुनी विणशेड. इंजिनचं नाव ‘पीस’, आणि शेडमध्ये तीनशेच्या आसपास माग. हेल्मशोरला कताईची यंत्रं आहेत. ब्लॅकबर्नच्या संग्रहालयात जेनीपासूनचा प्रवास मांडला आहे. वेळापत्रक बदलत असतं, निघण्याआधी तपासा. आणि आपल्या घराण्यातलं कोणी तिकडच्या गिरणीत कामाला होतं असं ऐकून असाल, तर परगण्याचं दफ्तर प्रेस्टनला आहे. विणकर संघटनांच्या वह्यांसकट बरंच काही तिथे जपून ठेवलेलं आहे.